वीतभर कमी पडलेली तार

कान हा मानवी शरीरातला सर्वांत सज्जन अवयव आहे. जीभ घसरते, डोळा लवतो, नाक नको तिथे खुपसलं जातं. कानाविरुद्ध मात्र असली एकही तक्रार आजवर आलेली नाही. जे पडेल ते तो मुकाट्याने ऐकून घेतो. शिवाय मालकाने चारचौघांत ‘ऐकू आलं’ असं एकदा सांगून टाकलं, की थोड्याच दिवसांत तो ते खरोखर ऐकायलाही लागतो. मालकाचा शब्द खाली पडू न देणारा दुसरा अवयव शास्त्राला माहीत नाही.

या सज्जनपणाची कदर करणारी संस्था मुंबईत एकच आहे. शुद्धश्रवण मंडळ, लालबाग (कार्यक्षेत्र : गिरगाव ते दादर). मंडळ रीतसर आहे. अध्यक्ष आहेत, वर्गणी आहे, नव्या अ‍ॅम्प्लिफायरला नारळ फोडण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी वाद आहे. सभासद दर रविवारी एकत्र जमतात, एकच बंदिश दोनदा ऐकतात, आणि दुसऱ्या वेळी ती जास्त चांगली का वाटली यावर दुपारच्या जेवणापर्यंत बोलतात. गाणं कुणाचं होतं हे सहसा कुणाला आठवत नाही. ते विचारणं शिष्टसंमतही नाही.

मंडळाचे सिद्धांत थोडे आणि सोपे आहेत. तार जितकी आखूड तितका आवाज शुद्ध. तार जमिनीला टेकता कामा नये, पाटावर ठेवावी (पाट जेवणाचा चालतो, पण त्यावर मासे वाढलेले नसावेत. लालबागेत असा पाट मिळवणं हेच मोठं काम आहे). नवी तार आधी भिनवावी लागते, म्हणजे तिच्यातून पंधरा दिवस अखंड विलंबित ख्याल सोडावा लागतो. या काळात चुकून एखादं कोळीगीत वाजलं तर सुरुवातीपासून सगळं पुन्हा.

वीज सगळीकडे सारखीच असते असं शाळेत शिकवतात, कारण शाळेत ऐकायला शिकवत नाहीत. मंडळाच्या वर्गवारीनुसार गिरगावची वीज ख्यालाला पोषक, दादरची नाट्यपदांना, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली सुगम संगीतापुरती (तीही ऑफिसच्या वेळेत), आणि वरळी कोळीवाड्यातली किंचित खारट. नायगावच्या नव्या टॉवरांतली वीज अजून कोवळी आहे. तिथले तरुण सभासद गौतम मोहिते यांना याचं फार वाईट वाटतं. बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत वीज तीन पिढ्या मुरलेली होती. पुनर्विकासात खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला. विजेच्या बदल्यात काहीही मिळालं नाही.

शेवटचा सिद्धांत सर्वांत महत्त्वाचा : मोजणारा ऐकत नाही. मागे एका इंजिनिअर सभासदाने बैठकीला मीटर आणला होता. मंडळाने त्याच बैठकीत त्याला शाल आणि श्रीफळ देऊन निरोप दिला. तेव्हापासून मंडळात मीटर, मोजपट्टी आणि शंका आणत नाहीत. तरीही मंडळ शास्त्राच्या विरोधात आहे असं कुणी म्हणू नये. मागच्या पाहणीत एकशे चार टक्के सभासदांना तारेतला फरक जाणवल्याचं सिद्ध झालं आहे (वरचे चार टक्के त्या दिवशी गावी होते, त्यांनी फोनवर कळवलं).

(इथपर्यंतचा मजकूर प्लायवुडच्या टेबलावर बसून लिहिला होता. इथून पुढचा सागवानी टेबलावर लिहिला आहे. जाणकारांना वाक्यांचा पोत बदललेला जाणवेलच.)

तर या मंडळात हितेंद्र घाडीगावकर आले, ते अपघाताने. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात ते जुन्या टेपसाठी पट्टा शोधत होते आणि शेजारी गौतम मोहिते काहीतरी शोधत होते, जे दुकानदाराच्या मते जगात नव्हतं. ओळख झाली. पुढच्या रविवारी घाडीगावकर गिरगावला अध्यक्षांच्या घरी जाऊन बसले. अध्यक्ष म्हणजे हर्षवर्धन विजयकर, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, त्यामुळे आकडे कसे फसवतात याची त्यांना पक्की जाण. त्यांनी एक ठुमरी दोनदा लावली, डोळे मिटले आणि अतिशय आदराने विचारलं, “घाडीगावकर, तुम्हाला काय वाटतं?”

हा प्रश्न घाडीगावकरांना त्याआधी कुणी विचारलेला नव्हता. फोर्टातल्या विमा कंपनीत त्यांचा हुद्दा असा होता, की सगळ्या कागदांवर त्यांची सही लागायची, मत लागत नसे. घरी मत लागायचं, पण ते पत्नी दर्शना यांच्याकडे तयार असायचं. म्हणून त्या दिवशी ते घाबरून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्यात जरा मोकळं वाटलं.”

खोलीत समाधानाचा एक सुस्कारा उमटला. घाडीगावकर गिरगावहून लालबागपर्यंत चालत घरी आले. वाटेत त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं. इतकं चांगलं त्यांना लग्नानंतर वाटलं नव्हतं.

अडचण एवढीच होती, की त्यांना दोन्ही वेळा ठुमरी सारखीच ऐकू आली होती.

पुढची चार वर्षं हेच चाललं. सगळ्यांना तारांमधली दरी ऐकू यायची. दादरच्या निवृत्त संगीतशिक्षिका शैलाताई नाबर यांना तर फ्यूज कुठल्या कंपनीचा आहे हे आलापातच कळायचं. घाडीगावकरांना काही म्हणजे काही कळायचं नाही. ते घाबरून थांबायचे आणि थांबण्यालाच लोक व्यासंग समजायचे. मंडळाच्या नियमाप्रमाणे सलग तीनदा ‘फरक वाटला नाही’ म्हणणाऱ्या सभासदाला स्नेही-सभासद करतात. स्नेही-सभासदाने रविवारी येऊन चहा करायचा असतो. सध्याचे स्नेही-सभासद फार उत्तम चहा करतात आणि कुणी त्यांना काही विचारत नाही.

घाडीगावकरांच्या मनात मुख्य भीती वेगळीच होती, आणि ती खाटेवर बसलेली असायची. त्यांचे वडील बाबुराव गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते (गिरणीत मागाला साचा म्हणतात). उभी हयात मागांच्या खडखडाटात गेली आणि कान तिथेच राहिले. साचे खात्यातली माणसं एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलायची. बाबुराव अजूनही तसंच बोलतात. मंडळ घरी जमलं की ते खाटेवर बसून सगळ्यांच्या ओठांकडे टक लावून पाहतात, मान डोलावतात, आणि मंडळ त्यांना जुन्या पिढीतला दर्दी समजतं. आपलेही कान वडिलांवर गेले, अशी घाडीगावकरांची खात्री झाली होती.

“बाबांचे कान मागांनी गेले हो, रक्ताने नाही,” दर्शना म्हणायच्या. त्या परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लोकांची श्रवणचाचणी घेतात. काचेच्या बंद खोलीत माणूस बसवायचा, कानाला हेडफोन लावायचा, बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. “एकदा चला माझ्याबरोबर. दहा मिनिटांचं काम आहे.”

“नको.”

“घाबरता कशाला? माझ्याकडे तर आवाज सोडलेलाच नसताना लोक बटण दाबतात.”

“नसताना? ते कशाला?”

“नापास व्हायला कोणाला आवडतं?”

घाडीगावकर विषय बदलून मासळीवर गेले.

आणि मग जपानहून तार आली. चांदीची. मंडळाने तिच्यासाठी दोन वर्षं वर्गणी काढली होती. उजव्या स्पीकरला एक, डाव्याला एक, अशी जोडी (मंडळात जोडीलाही तारच म्हणतात), दोन्ही सर्वांत आखूड मापाच्या, कारण आखूड तितकी शुद्ध. गिरगावला अध्यक्षांकडे ती पंधरा दिवस भिनवून झाली आणि जुन्या तारेशी तिची पडदापरीक्षा घ्यायचं ठरलं. चादर टांगायची, तिच्यामागे एकाने तारा बदलायच्या, आणि एकच बंदिश चारदा ऐकून बाकीच्यांनी कौल द्यायचा. जागा घाडीगावकरांची. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, त्यामुळे वीज मंडळातली सर्वांत मुरलेली.

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तो लालबागच्या खोलीत मावत नाही. म्हणून एक स्पीकर गॅलरीच्या दाराशी, दुसरा चपलांच्या मांडणीपाशी आणि श्रोत्याचं टोक मोरीच्या दारात, असा तोडगा निघाला होता. मोरीच्या दारातल्या खुर्चीला मानाची खुर्ची म्हणतात. तिच्यावर मुख्य श्रोता बसतो आणि तो उठेपर्यंत घरात कुणाला आंघोळ करता येत नाही. स्पीकरांच्या जागा शैलाताईंनी कित्येक रविवार ऐकून नक्की केल्या होत्या. त्यांच्याभोवती खडूने रेघा मारल्या होत्या. त्या रेघांपलीकडे स्पीकर हलवणं म्हणजे मूर्ती हलवणं.

“अहो, ती तार तिथपर्यंत पुरेल ना?” दर्शनांनी आदल्या आठवड्यात लादी पुसता पुसता विचारलं होतं. “ब्लाउजपीस घेतानासुद्धा मी माप घेते.”

“मोजायचं नसतं,” घाडीगावकर म्हणाले होते.

परीक्षेच्या दिवशी तारा बदलायला कोण बसणार असा प्रश्न निघाला तेव्हा घाडीगावकरांनी सर्वांआधी हात वर केला. जो तारा बदलतो त्याला कौल द्यावा लागत नाही. मंडळाच्या सगळ्या नियमांत लपायला हा एवढाच कोपरा होता. चहापासून ते अजून एक रविवार वाचणार होते.

रविवारी सकाळी मंडळ जमलं. विजयकर मानाच्या खुर्चीत बसले, गौतम आणि शैलाताई दोन्ही अंगांना. बाबुराव बाजूच्या खाटेवर होते. चादर समोरच्यांसाठी टांगली होती, खाटेवरून तिच्या आतलं सगळं दिसत होतं. पण बाबुरावांचा कौल कुणी घेणार नव्हतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा जुनी तार वाजली. मग घाडीगावकरांनी ती काढली आणि पाटावरची चांदीची तार उचलली. अ‍ॅम्प्लिफायरपासून गॅलरीकडच्या स्पीकरला ती व्यवस्थित पोचली. चपलांकडच्या स्पीकरला पोचली नाही. वीतभर कमी पडली.

त्यांनी ती ओढून पाहिली. चांदी जपानी असो की झवेरी बाजारातली, ती वर्गणीला मान देऊन लांब होत नाही. आखूडपणाचा सिद्धांत खरा होता, त्रिकोणाचाही खरा होता. फक्त दोघांची गाठ पडेल हे मोजल्याशिवाय कळणारं नव्हतं, आणि मोजायचं नव्हतं.

“चालू द्या,” बाहेरून विजयकर म्हणाले.

घाडीगावकरांनी चादरीची कड नीट केली. त्यांनी जुनीच तार पुन्हा लावली, चांदीची तिच्या शेजारी पाटावर ठेवली आणि बंदिश सोडली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदाही तेच. मधल्या वेळात ते पिना उगाच खडखडवत होते, तेवढंच प्रामाणिकपणाचं समाधान.

बंदिश संपली तेव्हा शैलाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दुसऱ्या वेळी,” त्या म्हणाल्या, “तानपुरा माझ्या पाठीशी येऊन बसला. माझे गुरुजी बसायचे ना, अगदी तसा.”

“चौथ्यात बेस काय लागलाय यार!” गौतम म्हणाले. “पहिल्यात नुसता डबा वाजत होता. आता एकदम सॉलिड. अंगावर काटा आला माझ्या.”

“पहिली आणि तिसरी जुनी. दुसरी आणि चौथी नवी,” विजयकरांनी निकाल दिला. “ऑडिटला जावं इतकं स्वच्छ आहे.”

चादरीमागे घाडीगावकर पाटाशेजारी उकिडवे बसले होते. आधी त्यांना हसू फुटलं, मग हायसं वाटलं. आपले कान ठीक आहेत! चार वर्षं जे आपल्याला ऐकू येत नव्हतं ते इथे कुणालाच येत नव्हतं. आणि मग लगेच दुसरं सुचलं. कुणालाच येत नव्हतं, तर मग आपलं ते ‘मोकळं वाटलं’ तरी कुणी ऐकलं होतं?

“घाडीगावकर,” विजयकरांचा तोच आदराचा आवाज आला, “चादर काढा. नियम बाजूला ठेवू. आज तारेच्या सगळ्यात जवळ तुम्ही होतात. तुम्हाला काय वाटतं?”

चादर निघाली. सगळ्यांनी डोळे मिटले. ‘फारच मोकळं’ एवढे दोन शब्द पुरले असते. पुढचे सगळे रविवार त्या दोन शब्दांवर उभे होते. घाडीगावकरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर खाटेकडे गेली. बाबुरावांनी डोळे मिटले नव्हते. त्यांनी दोन बोटं जोडून झटकन फाकवली आणि तळहात आडवा धरला. साचे खात्यातली ती खूण घाडीगावकर लहानपणापासून ओळखत होते. धागा तुटला. साचा थांबव.

“तार बदललीच नाही,” घाडीगावकर म्हणाले. “चारही वेळा जुनीच होती. नवी पुरत नाही. वीतभर कमी पडते.”

मिटलेले डोळे एकेक करून उघडले.

“काय बोलता काका?” गौतम म्हणाले.

शैलाताईंनी पदराने डोळे पुसले आणि मग पदराकडेच पाहत राहिल्या. “म्हणजे मी रडले ते...” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली भीती घाडीगावकरांना ओळखीची वाटली. आपण फार वाईट वागलो असं त्यांना वाटलं. स्वयंपाकघरात चहा गाळणारे स्नेही-सभासद मात्र पहिल्यांदाच गाळणी हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

विजयकर खुर्चीतून पाटाकडे वाकले. मग त्यांनी विचारलं, “नवी तार त्या वेळी कुठे होती?”

“पाटावर.”

“जुनीपासून किती लांब?”

“लागूनच होती.”

“पहिल्या वेळी?”

“पहिल्या वेळी... पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला.”

तिसऱ्या वेळेबद्दल न विचारता विजयकरांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचं तेज होतं. “संगत,” ते म्हणाले.

“गुरूच्या नुसतं शेजारी बसलं तरी गळा सुधारतो,” शैलाताई हळूच म्हणाल्या. त्यांचा रंग परत आला. “आमचे गुरुजी कित्येकदा शिकवायचेच नाहीत. नुसते बसायचे.”

“आयला, खरंच की,” गौतम म्हणाले. “म्हणजे मोठ्या तारेला जोडायची गरजच नाही!”

स्नेही-सभासद चहा गाळायला परत गेले.

ठराव एकमताने झाला. मौल्यवान तार कधीही जोडू नये, जोडल्याने ती झिजते. ती जुन्या तारेच्या शेजारी पाटावर ठेवावी. तार वीतभर कमी पडली हा जपानी कारागिरांचा मोठेपणा, तिला जोडून घ्यायचं नाही हे त्यांना ठाऊक असणार. आता ती तार आळीपाळीने सभासदांकडे मुक्कामाला जाते. गिरगावला नेताना टॅक्सी सावकाश चालवायला सांगतात, वाटेतल्या विजेलाही तेवढाच गुण लागतो. गौतम मोहित्यांनी तिचा फोटो नायगावच्या फ्लॅटमध्ये मीटरच्या पेटीशेजारी लावला आहे आणि तिथली वीज आता बरीच पोक्त झाली आहे. पुढच्या वर्षी स्पीकरही न जोडता नुसते शेजारी ठेवून पाहण्याचा विचार आहे.

ज्या माणसाला संगतीचा हा शोध पहिल्यांदा लागला (लागला हे त्याला कळलं नव्हतं, पण मोठ्या शोधांचं तसंच असतं) त्याला मंडळाने मुख्य श्रोता केलं. घाडीगावकर दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा खुर्ची पुढे आली तेव्हा बसले. मोरीच्या दारातून पहिल्या रविवारी त्यांना काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या रविवारी काहीतरी आहे असं वाटलं. तिसऱ्या रविवारी फरक ऐकू आला. अगदी खरा, स्वच्छ, देवाशपथ. खुर्चीतून उठताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि शैलाताईंनी त्यांना न विचारता रुमाल दिला.

“बाबा, तुम्हीच सांगा आता ह्यांना काहीतरी,” दर्शना त्या दिवशी सासऱ्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाल्या.

“काय सांगू?” बाबुराव म्हणाले. “मिया साचो थांबवलय. पण तुटल्या धाग्याच्या कापडाक पण गिऱ्हाइक असता गो. सेल लागलो, का झुंबड त्याच कापडावर.”

त्यानंतर घाडीगावकर आपणहून श्रवणचाचणीला गेले. आता भीती उरली नव्हती. काचेच्या खोलीत बसले, हेडफोन लावला, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग तल्लीन होऊन दाबतच राहिले. काचेवर टकटक झाली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“अहो,” दर्शना दार उघडून म्हणाल्या, “मशीन अजून लावलंच नाही. प्लग माझ्या हातात आहे.”

घाडीगावकरांनी हेडफोन काढला. नवख्या माणसाशी बोलावं तितक्या मायेने ते म्हणाले, “पण शेजारच्या खोलीतलं चालू आहे ना?”

मग दर्शनांनी रीतसर चाचणी घेतली. “कान उत्तम आहेत तुमचे,” त्या म्हणाल्या. “कानात काही दोष नाही.” हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, तो सूर तेवढा घाडीगावकरांना ऐकू आला नाही.

मंडळाला नव्या सभासदांची गरज आहे. प्रवेशाची अट कडक नाही. प्लायवुडवरचा मजकूर आणि सागवानावरचा मजकूर यांतला फरक ज्या वाचकांना मघाशी जाणवला, पुढची वाक्यं थोडी भरदार वाटली, किंवा जाणवलं नाही तरी ‘असेल बुवा’ असं ज्यांनी मनात म्हटलं, त्यांनी रविवारी सकाळी लालबागला यावं. वाटलं त्यात खोटं काही नाही. सगळी गोष्ट मांडीवर उशी घेऊन एकाच बैठकीत लिहिली आहे हे खरं. पण सागवानी टेबल शेजाऱ्यांकडे आहे.